तार तुटली म्हणून लढाई चालली

1 जून 1900. दक्षिण आफ्रिकेत बोअर आणि इंग्रजांचं युद्ध चाललंय, जोहान्सबर्ग आदल्याच दिवशी इंग्रजांच्या ताब्यात गेलंय, प्रिटोरिया उद्या जातं की परवा एवढाच प्रश्न उरलाय. ट्रान्सवालचा म्हातारा अध्यक्ष पॉल क्रूगर राजधानी सोडून पूर्वेकडच्या रेल्वेलाईनवर जाऊन बसलाय, सरकार म्हणजे आगगाडीचे काही डबे आणि त्यातला एक तारयंत्राचा. आणि मागे प्रिटोरियात लुई बोथा आणि ट्रान्सवालचे बाकीचे अधिकारी बसून अशा मतावर आलेत की आता बास, फार झालं. ते तसं क्रूगरला तारेने कळवतात. क्रूगर तेच शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटचा अध्यक्ष मार्टिनस स्टेन याला तारेने विचारतो, की बाबा थांबायचं का.

स्टेनचं उत्तर आलं ते असं की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. तुमच्यासाठी आम्ही या युद्धात उतरलो, आमची राजधानी गेली, आमच्या भरवशावर इंग्रजांच्या केप कॉलनीतले लोक बंड करून उठले आणि आता त्यांच्या गळ्याला फास, आणि युद्ध तुमच्या दारात आल्याबरोबर तुम्हाला तह सुचतो? शब्द माझे आहेत पण आशय हाच होता. तेव्हा प्रिटोरियात असलेल्या यान स्मट्सने नंतर लिहून ठेवलंय की त्या तारेत ट्रान्सवालवाल्यांना जवळजवळ भित्रे म्हटलं होतं. झालं, दुसऱ्या दिवशी बैठकीत सूर बदलला, लढायचं ठरलं. प्रिटोरिया 5 जूनला पडलं ते पडलंच, पण युद्ध पुढे 31 मे 1902 पर्यंत चाललं. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, एका तारेच्या जोरावर.

मला हे बोअर युद्ध पहिल्यांदा वाचताना तोफा-बंदुकांपेक्षा हाच भाग जास्त आवडला होता. आमच्या घरात तार आली म्हटलं की आधी रडारड आणि मग पाकीट फोडायचं अशी पद्धत, नोकरी लागल्याची तार असली तरी आजी आधी पदर डोळ्याला लावायची. त्यामुळे तार म्हणजे निर्णय होऊन गेलेली गोष्ट असं डोक्यात पक्कं. इथे तारेवर भांडण चाललंय, टोमणे मारलेत, समोरच्याने उलट टोमणा मारलाय, हे भारीच वाटलं.

तर पार्श्वभूमी थोडक्यात. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले मूळ डच वंशाचे शेतकरी, त्यांची दोन प्रजासत्ताकं, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. ऑक्टोबर 1899 मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झालं, कारणांत सोन्याच्या खाणी होत्या हे सांगायला नकोच. (आणि ही जमीन मुळात ज्या काळ्या लोकांची होती त्यांना दोन्ही बाजूंनी विचारलं नाही, निरोप पोचवायला आणि घोडे सांभाळायला मात्र दोन्ही बाजूंनी राबवून घेतलं.) बोअरांकडे खडं सैन्य असं नव्हतंच, तोफखाना आणि पोलीस सोडले तर बाकी सगळे आपापला घोडा आणि बंदूक घेऊन आलेले शेतकरी. अधिकारी निवडून दिलेले, त्यामुळे हुकूम म्हणजे चर्चेची सुरुवात. लढाईच्या आधी युद्धसमितीची बैठक बसायची, त्यात मतं मांडली जायची, रुसवेफुगवे व्हायचे, अगदी आपल्याकडच्या भावकीच्या बैठकीसारखं, आणि ज्याला पटलं नाही तो रात्री गुपचूप घोड्यावर बसून घरी निघून जायचा.

पण या शेतकऱ्यांकडे तारखातं चांगलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रान्सवालच्या तोफखान्याची स्वतःची फील्ड टेलिग्राफची तुकडी होती, लेफ्टनंट पाफ नावाचा माणूस ती सांभाळायचा. इंग्रजांच्या लेडीस्मिथ गावाला बोअरांचा वेढा पडला तेव्हा टेकड्यांवरच्या बोअर छावण्या तारेने जोडलेल्या होत्या आणि तिथून तार थेट प्रिटोरियापर्यंत. एवढंच काय, युद्ध सुरू व्हायच्या आधी 1899 मध्येच त्यांनी जर्मनीच्या सीमेन्सकडे बिनतारी संदेशयंत्रांचे सहा संच मागवले होते. 1899 मध्ये! मार्कोनीचं नाव नुकतं कुठे पेपरात यायला लागलेलं. ते संच केपटाऊनच्या बंदरात इंग्रजांनी धरले आणि ठेवून घेतले. आलेही असते तरी फार कामाला आले असते असं नाही, कारण इंग्रजांनी स्वतः मार्कोनीची माणसं आणून डे आर भागात प्रयोग केले ते जमिनीवर फसलेच, शेवटी ती यंत्रं आरमाराला देऊन टाकली.

जिथे तार नाही तिथे हेलिओग्राफ. तिपाईवर बसवलेला गोल आरसा, साधारण पाच इंचांचा, मधोमध एका ठिपक्यावर पारा नाही, त्या ठिपक्यातून मागून डोळा लावून लांबच्या डोंगरावरचं ठिकाण धरायचं. मग सूर्याची तिरीप बरोबर तिथे पडेल असा आरसा लावायचा आणि किल्ली दाबली की आरसा केसभर कलतो, समोरच्याला लुकलुक दिसते, छोटी लांब, छोटी लांब, झालं मोर्स. स्वच्छ हवेत आरशाच्या दर इंचाला दहा मैल असा ढोबळ हिशेब, म्हणजे पाच इंची आरशाने पन्नास मैलांवर बोलता येतं, ना खांब ना तार. हे यंत्र बनवणारा हेन्री मान्स तेव्हा कराचीत तारखात्यात नोकरीला होता, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे आपल्याच इलाख्यात जन्मलेली वस्तू आफ्रिकेच्या माळावर दोन्ही बाजूंच्या हातात चमकत होती. अडचण दोनच. ढग आले की तोंड बंद. आणि दुसरी म्हणजे त्या रेषेत उभा असलेला कुणीही ते वाचू शकतो.

क्रूगरच्या तारा हा तर वेगळाच प्रकार. म्हाताऱ्याला लढाईच्या जागेपासून शेकडो मैलांवर बसून लांबलचक तारा पाठवायची सवय, त्यात बायबलची वचनं, आणि वर सूचना की हे सगळ्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना वाचून दाखवा. आज हसू येतं, पण त्या तारांनी काम केलेलं आहे. डिसेंबर 1899 मध्ये कोलेन्सोच्या लढाईआधी तुगेला नदीपलीकडची श्लांग्वानी टेकडी बोअरांनी भिऊन सोडून दिली होती, म्हणजे मागे नदी, पुढे इंग्रज, कोण बसणार तिथे. बोथाला माहीत होतं की ती टेकडी गेली तर सगळी फळीच कोलमडणार. त्याने हुकूम दिला नाही, कारण हुकूम कुणी ऐकला नसता. त्याने क्रूगरला तार केली. क्रूगरची उलट तार आली की टेकडी सोडायची नाही म्हणजे नाही, ती सोडली तर देश सोडल्यासारखं आहे. मग चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांचं नाव निघालं ते गेले आणि लढाईच्या आदल्या रात्री टेकडी परत धरली. 15 डिसेंबरला इंग्रजांचा तिथे दणदणीत पराभव झाला. सेनापतीने आपल्याच माणसांना हलवायला अध्यक्षाची तार मागवली, मला यात बोथाची हुशारी दिसते.

पण हीच तार उलटीही फिरते. फेब्रुवारी 1900 मध्ये पार्डेबर्गला बोअर सेनापती पीट क्रोन्ये चार हजार माणसांसकट नदीच्या पात्रात अडकला, भोवती इंग्रजांच्या तोफा. बाहेरून डी वेट त्याला सोडवायला धडपडत होता. क्रिस्तियान डी वेट म्हणजे या युद्धातला गनिमी काव्याचा बादशहा, आपल्या वाचकांना त्याच्यात ओळखीचं बरंच काही सापडेल. निरोप आत कसा पोचवायचा? गेला डॅनी थेरॉन. पेशाने वकील, आणि युद्धाच्या सुरुवातीला याच्याच डोक्यातून सायकलवरच्या जासुदांची तुकडी निघालेली. सायकलवाल्यांना क्रूगर आणि सेनापती जुबेर हसले होते, तेव्हा थेरॉनच्या कूस जूस्ते नावाच्या सायकलपटू मित्राने पंचाहत्तर किलोमीटरची घोडा विरुद्ध सायकल अशी शर्यत लावून ती जिंकून दाखवली, मग 108 जणांची तुकडी मंजूर झाली. तर हा थेरॉन 25 फेब्रुवारीच्या सुमाराला इंग्रजांच्या पहारेकऱ्यांमधून पोटावर सरपटत आत गेला आणि तसाच सरपटत परत आला. पँटच्या चिंध्या, गुडघे सोललेले, रक्त येतंय. निरोप असा की रात्रीतून फोडून बाहेर पडा, आम्ही बाहेरून हात देतो. आत छावणीत लोक तयार झाले नाहीत. 27 तारखेला क्रोन्ये शरण गेला.

आणि त्याच दिवशी तिकडे शेकडो मैलांवर तुगेलाच्या काठावर बोथाची फळी मोडली. एकामुळे दुसरं झालं असं नाही, पण क्रोन्ये अडकल्याच्या बातम्या तारेवरून आठवडाभर इकडे तुगेलाकाठच्या, म्हणजे नाताळ नावाच्या प्रांतातल्या छावण्यांत येत होत्या आणि लोक घोडे जुंपून घरची वाट धरत होते. जुनाट, सुस्त दळणवळण असतं तर नाताळमधल्या शेतकऱ्याला क्रोन्येचं कळायला पंधरा दिवस लागले असते. इथे तासाभरात रडगाणं हजर.

इथून पुढे माझं एक मत बनत गेलं ते सांगतो, पटेल न पटेल. बोअरांना शरण आणायला इंग्रजांच्या तोफांइतकीच त्यांची स्वतःची तार कामाला आली असती. 1 जूनला ती जवळजवळ आलीच होती. जोपर्यंत सगळे एकमेकांना जोडलेले होते तोपर्यंत सगळ्यांच्या वतीने कुणीतरी "बास" म्हणू शकत होता. तार गेल्यावर सगळ्यांच्या वतीने बोलणारा कुणी उरलाच नाही.

याचा पुरावा म्हणाल तर प्रिन्सलूचं पत्र बघा. जुलै 1900 मध्ये ब्रँडवॉटरच्या डोंगरखोऱ्यात फ्री स्टेटची मोठी फौज कोंडली गेली. डी वेट आणि स्टेन त्याआधीच निसटलेले. मागे राहिलेल्यांत मुख्य कोण यावर मतदान, त्याच्या निकालावर वाद, आणि त्या गोंधळात मार्टिनस प्रिन्सलूने स्वतःला मुख्य समजून चार हजारांवर माणसं इंग्रजांच्या हवाली केली. त्याने बाहेरच्यांनाही कळवलं की आपण शरण गेलो आहोत. डी वेटला पत्र मिळालं. त्याचं उत्तर अगदी कोरडं, सरकारी थाटाचं: पत्र पोचलं, पण तुम्ही स्वतःला सेनापती म्हणवता याचं नवल वाटलं, हे पद तुम्हाला दिलं कुणी? बस्स. तारेच्या काळात असं पत्र निघालं असतं तर दोन तासांत सगळीकडे "संपलं" झालं असतं. पत्र घोड्यावरून आल्यामुळे डी वेटला ते न मानण्याची सोय होती.

ऑक्टोबरमध्ये क्रूगर डच युद्धनौकेवरून युरोपला गेला. मग खरा गनिमी कावा. बोथा पूर्व ट्रान्सवालमध्ये, डे ला रे पश्चिमेला, डी वेट फ्री स्टेटमध्ये, स्मट्स पुढे थेट केप कॉलनीत घुसलेला. मधे शेकडो मैलांचा माळ, त्यावर हळूहळू इंग्रजांची आठ हजारांवर ब्लॉकहाऊस, म्हणजे पहाऱ्याच्या छोट्या गढ्या, उगवली, काटेरी तारांनी जोडलेली, टेलिफोनने बोलणारी. बोअरांकडे उरले घोडेस्वार जासूद. रात्री प्रवास, दिवसा ओढ्याच्या घळीत लपायचं, तारेचं कुंपण कापायचं किंवा घोडं पडलं तर चालत. इंग्रजांच्या तारा तोडणं हा रोजचा धंदा, पण कधी कधी न तोडता खांबावर चढून आपलं यंत्र जोडायचे आणि शत्रूचं बोलणं ऐकायचे. आणि जगाची खबर हवी असेल तर लुटलेल्या गाडीत सापडलेला इंग्रजी पेपर. आपल्याच दुसऱ्या सेनापतीचं काय चाललंय ते शत्रूच्या पेपरातून वाचायचं, त्यातलं किती खरं याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे करायचा.

बायकांनी केलेलं काम यात सगळ्यात धाडसी आहे. प्रिटोरियात इंग्रजांच्या नाकाखाली योहाना फान वार्मेलो आणि तिची आई आपल्या घरात बोअर हेरांना आसरा द्यायच्या, आणि युरोपला जाणाऱ्या साध्यासुध्या पत्रांत ओळींच्या मधे लिंबाच्या रसाने मजकूर लिहायच्या. सेन्सॉरने पत्र वाचायचं, पुढे पाठवायचं. पलीकडे गरम केलं की अक्षरं उमटणार. बोथाची बायको ॲनी तर इंग्रज सरसेनापती किचनरचा निरोप घेऊन स्वतः नवऱ्याकडे गेली, त्यातूनच फेब्रुवारी 1901 ची मिडलबर्गची भेट घडली, निष्पन्न काही झालं नाही ती गोष्ट वेगळी.

निरोप नेणाऱ्याचं काय होईल याची शाश्वती नव्हती. शरण गेलेल्या बोअरांच्या शांतता समितीचा मॉर्गेन्डाल नावाचा माणूस डी वेटच्या लोकांकडे गेला, तर जानेवारी 1901 मध्ये आपल्याच लोकांनी त्याला गोळी घातली. डी वेटचं कौतुक करताना हे वगळून चालत नाही. त्याचा सख्खा भाऊ पीट शरण जाऊन इंग्रजांच्या बाजूला गेला होता आणि लढाई थांबव म्हणून पत्रं लिहीत होता, घरातूनच असा निरोप यायला लागला की माणूस निरोप्यावरच उलटतो.

मे 1901 मध्ये तेच जुनं नाटक पुन्हा. ट्रान्सवालचं सरकार थकलेलं, सचिव रीट्झ स्टेनला पत्र लिहितो की दारूगोळा संपला, माणसं रोज शरण जातायत, काय करायचं? स्टेनचं उत्तर पुन्हा तसंच जळजळीत. क्रूगरचा सल्ला घ्यायचा तर समुद्रापलीकडची केबल इंग्रजांच्या हातात, म्हणून किचनरच्याच परवानगीने, डच वकिलातीमार्फत सांकेतिक तार गेली. किचनरने का परवानगी दिली? कारण त्याला वाटलं म्हातारा थांबा म्हणेल. म्हातारा म्हणाला लढा. मग जुलैमध्ये रीट्झ नावाच्याच गावात (गावाचं नाव याच सचिवावरून, तो आधी फ्री स्टेटचा अध्यक्ष होता) स्टेनच्या मुक्कामावर पहाटे छापा पडला. रायटर नावाच्या त्याच्या आचाऱ्याने त्याला उठवलं, आणि फ्री स्टेटचा अध्यक्ष रात्रीच्या कपड्यांत, खोगीर न घालता घोड्यावरून निसटला. बाकीचं सरकार पकडलं गेलं आणि कागदपत्रंही, त्यात तो ट्रान्सवालच्या थकव्याचा सगळा पत्रव्यवहार. इंग्रजांनी तो छापला. बघा, तुमचे पुढारीच थकलेत. तरी युद्ध अजून दहा-अकरा महिने चाललं, कारण माळावरच्या माणसाला शत्रूने छापलेल्या पत्रावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं.

एव्हाना किचनरची पंचाईत अशी झाली होती की ज्यांना तो वर्षाहून जास्त काळ एकमेकांपासून तोडत होता ते एकत्र बसल्याशिवाय युद्ध संपणार नव्हतं. मार्च 1902 मध्ये त्याने इंग्लंडचा डच सरकारशी तहाबद्दल झालेला पत्रव्यवहार ट्रान्सवालचा कार्यकारी अध्यक्ष बर्गर याला पाठवला. बर्गर म्हणाला ठीक आहे, पण मला आधी स्टेनला भेटलं पाहिजे, आणि त्यासाठी इंग्रजांचं अभयपत्र हवं. एप्रिलमध्ये दोन्ही सरकारं क्लर्क्सडॉर्पला भेटली ती इंग्रजांच्या आगगाडीतून येऊन. स्मट्स तर तिकडे नामाक्वालँडमध्ये ओकीपला वेढा घालून बसलेला, त्याच्याकडे पांढरं निशाण लावून इंग्रज अधिकारी निरोप घेऊन गेले, मग बोट, मग ट्रेन, वाटेत किचनरची भेट.

15 मेला व्हेरीनिगिंगला साठ प्रतिनिधी तंबूत बसले, दोन्हीकडचे तीस-तीस. प्रत्येकाने उठून आपल्या भागाचं सांगायला सुरुवात केली. इतके घोडे, इतकं धान्य, इतकी माणसं. कुणाच्या भागात अजून वर्षभर लढता येईल, कुणाकडे खायला काही नाही, आणि इंग्रजांनी बोअर कुटुंबांना डांबलेल्या छावण्यांमध्ये बायकापोरं मरतायत ते वेगळंच. त्या छावण्यांत शेवटी 26 हजारांवर बोअर बायका-मुलं मेली, आणि काळ्या लोकांसाठीच्या वेगळ्या छावण्यांत नोंदलेले मृत्यूच 14 हजारांवर, त्यांचं त्या तंबूत कुणी फारसं काढलं नाही. आपापल्या भागापुरतं प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं, एकत्र मांडल्यावर मात्र हिशेब बसेना. बऱ्याच प्रतिनिधींना त्यांच्या माणसांनी "स्वातंत्र्य सोडायचं नाही" असं बांधून पाठवलं होतं, तर स्मट्स आणि हर्टझॉग या दोन वकिलांनी मत दिलं की तुम्ही निरोप्ये नाही, प्रतिनिधी आहात, इथे जे ऐकलं त्यावर स्वतःच्या बुद्धीने मत द्या. माझ्या मते युद्ध त्या कायदेशीर सल्ल्यावर संपलं. मतदान 54 विरुद्ध 6. स्टेन तोवर इतका आजारी की राजीनामा देऊन गेलेला, आणि फ्री स्टेटतर्फे सही करायची वेळ आली डी वेटवर.

आता आपल्याकडचं. पकडलेले हजारो बोअर कैदी इंग्रजांनी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात पाठवले होते. हिंदुस्थानातल्या छावण्यांत एक मोठी आपल्या नगरची. माझं आजोळ भिंगारचं, भुईकोट किल्ला म्हटलं की आम्हाला शाळेत नेहरू आणि 1942 एवढंच सांगितलेलं, बोअरांचं नाव कुणी काढलं नव्हतं. तह झाला, घरी जायला फक्त इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, जहाज तयार. त्यातल्या काहींनी शपथ घ्यायचं नाकारलं. म्हणे तह झालाच नसेल, ही इंग्रजांची थाप असेल. पेपर दाखवले तरी पेपर इंग्रजांचा, पत्र आलं तरी मधे सेन्सॉर. नगरच्या उन्हात ही माणसं संपलेल्या युद्धाशी इमान राखून बसली, आणि मला तरी त्यांना मूर्ख म्हणवत नाही, त्यांना माणसाशिवाय कशावर विश्वास ठेवायचा हे शिकवलंच गेलं नव्हतं.

शेवटी तह होऊन दीड वर्ष उलटल्यावर, 1903 संपता संपता, स्वतः जनरल डे ला रे बोटीने हिंदुस्थानात आला, या लोकांना समजवायला. पश्चिम ट्रान्सवालचा सिंह म्हणायचे त्याला. तो समोर उभा राहून म्हणाला की हो, संपलं, मी तिथे होतो, घ्या शपथ आणि चला घरी. तेव्हा कुठे त्यांनी शपथ घेतली.